इसॉप आणि कारखान्याचा शेअर

प्रश्न : कळंब तालुक्यातील एका वाचकाच्या मुलाला पुण्यातील खासगी कंपनीत पगारासोबत ‘इसॉप’ मिळाले आहेत. ते साखर कारखान्याच्या शेअरसारखेच समजावेत का?

उत्तर : तसे समजल्यास हिशेब चुकतो. ढोकीच्या तेरणासारख्या सहकारी कारखान्याचा शेअर बाजारात विकला जात नाही, लाभांशावर सहकार कायद्याची सर्वसाधारण १५ टक्क्यांची मर्यादा असते आणि सभासदाचे खरे हित ऊस वेळेवर गाळपाला जाण्यात असते. याउलट इसॉप हा अद्याप शेअर नसून, ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क असतो, जो दिल्यापासून किमान १ वर्षाने पक्का होतो आणि त्याआधी नोकरी सोडल्यास सहसा बुडतो.

समजा, १,००० शेअर प्रत्येकी ५० रुपयांना घेण्याचा हक्क आहे आणि घेतेवेळी मूल्य २०० रुपये आहे, तर कंपनीकडे ५०,००० रुपये भरावे लागतातच, शिवाय १,५०,००० रुपयांचा फरक पगाराचे उत्पन्न धरला जाऊन, शेअर विकलेला नसतानाही, त्यावर सर्वसाधारणपणे प्राप्तिकर लागतो. पुढे विक्रीत होणारा नफा भांडवली नफा म्हणून वेगळा मोजला जातो. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे हे करासाठीचे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो, मात्र त्या भावाने गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, आणि नेमकी हीच बाब नेमणुकीच्या वेळी लाखांचे आकडे ऐकवणाऱ्या कंपन्या क्वचितच उलगडून सांगतात. म्हणून मुलाने योजनेची प्रत मागून घ्यावी, आणि नोकरी सोडल्यावर हक्क किती दिवसांत वापरावा लागतो व शेअर कोणाला विकता येतात, हे लेखी विचारावे.