खांदेरीचा दिवा

(इयत्ता सातवी)

थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी, त्यापलीकडचे खांदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 साली किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे होते. इंग्रज आणि सिद्दी आडवे आले, तरी काम थांबले नाही. 1867 साली तेथे दीपगृह उभे राहिले. 1998 साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले. पण आमच्याकडे सगळे खांदेरीच म्हणतात. 2025 साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला.

आमचा वर्ग गुरुजींबरोबर होडीने तेथे गेला. वेताळाच्या पाया पडून आम्ही दीपगृहाकडे निघालो. मी विचारले, "गुरुजी, दिवा एवढा उंच कशाला?"

गुरुजी म्हणाले, "पृथ्वी गोल आहे ना! पालथ्या माठाच्या एका बाजूची मुंगी पलीकडच्या मुंगीला दिसते का? पण मधोमध चढली की दिसते." दिवा पाण्यापासून 1 मीटर उंच असला तर पाण्यालगत साडेतीन किलोमीटरपर्यंतच दिसेल. तोच 25 मीटर उंच नेला तर सुमारे 18 किलोमीटर.

दुसरी गंमत भिंगाची. दीपगृहाचे भिंग काचेच्या अनेक कड्यांचे असते. ही युक्ती फ्रान्सच्या फ्रेनेल यांची. 1823 साली ते भिंग प्रथम दीपगृहात बसवले. ते इकडेतिकडे पसरणारा उजेड गोळा करून एका दिशेला लांब फेकते. पुष्कळ दीपगृहांत दिवा विझत नाही, भिंगच फिरते. म्हणून लांबून आपल्याला झळक दिसते.

प्रत्येक दीपगृहाची झळक वेगळी. किती वेळा आणि किती सेकंदांनी, हे ठरलेले असते. तीच त्याची ओळख. तिकडे कुलाब्यापुढे 1875 सालचे प्राँग्जचे दीपगृह आहे. अंधारात एकाला दुसरे समजले, तर होडी भलतीकडे जाईल, खडकावर आपटेल.

माझे बाबा मासेमारीला जातात. होडीत आता जीपीएस यंत्र आहे. पण बॅटरी उतरली की ते गप्प बसते. मग बाबा दिवा बघतात अन् तोंडाने आकडे मोजतात. आकडा जुळला की सुकाणू वळवतात. आई म्हणते, "तो दिवा आपल्या घरचाच माणूस हाय."

करून पाहा : रात्री मोठ्या माणसांबरोबर किनाऱ्यावर बसा. एका झळकेपासून पुन्हा तशीच झळक येईपर्यंत सेकंद मोजा. तीनदा मोजून वहीत लिहा आणि वर्गात आकडे ताडून पाहा.