माळरानावरचे रहिवासी
(द्वितीय वर्ष, कला)

जंगल म्हटले की आपल्या मनात दाट झाडी उभी राहते आणि वन्यप्राणी म्हटले की वाघ. आपल्या जळगाव जिल्ह्यात यावलचे अभयारण्य १९६९ पासून आहे, तेव्हा या कल्पनेत काही वावगे नाही. परंतु महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर दाट झाडी कधी नव्हतीच. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, जेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुरमावर वीतभर माती असते, तेथे गवतच माजते. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावे आपल्यापैकी गुरे राखलेल्यांना ठाऊक असतील. या गवतात जे राहतात त्यांच्याविषयी थोडेसे लिहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पुणे वनविभागाने २०२४ साली बारामती तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे माळरान सफारी सुरू केली. माझा आतेभाऊ बारामतीला कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडे गेलो असता गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कडबनवाडीचा माळ पाहण्याचा योग आला. बरोबर त्याच भागातला एक तरुण मार्गदर्शक म्हणून होता.

प्रथम दिसतो तो चिंकारा. पुष्कळांना तो आणि काळवीट एकच वाटतात; तसे नाही. काळविटाचा नर काळाभोर आणि पिळाच्या शिंगांचा असतो, तर चिंकारा वाळल्या गवताच्या रंगाचा, अंगाने लहान, आणि त्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात. काळवीट मुख्यतः गवत खातो व कळपाने राहतो. चिंकारा झुडपांचा पाला, शेंगा, बोरे यांवर भागवतो, दोघे-चौघे मिळून हिंडतो आणि पाल्यातील ओलाव्यावर पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. काळवीट पाहायचे तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला जावे. १९८० साली झालेले ते अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराहूनही लहान!

मात्र सफारीला येणारे बहुतेक लोक लांडग्यासाठी येतात. आम्हाला तो दिसला, पण दूरवर. बांधाच्या कडेने दोघे जण एकामागे एक, मान खाली घालून, दुडक्या चालीने निघून गेले. गाडीतील मंडळी हरखून गेली. मला मात्र वेगळेच वाटत होते, त्याचे कारण सांगतो.

आम्ही ठेलारी. आमचे मूळ गाव साक्री तालुक्यातले. वडील पिंप्राळ्यात येऊन स्थायिक झाले, पण आजोबांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेले. पाऊस सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि आठ महिने मुलूख फिरायचा. शेतकऱ्याच्या वावरात रात्री मेंढरे बसवायची. त्याला लेंडीखत मिळे, आम्हाला धान्य. अशा रात्री लांडगा येई. आजोबा त्याचे नाव क्वचितच रागाने घेत. त्याचा वाटा धरूनच मेंढरे मोजायची, असे त्यांचे म्हणणे. सफारीची हकीकत ऐकल्यावर ते एवढेच म्हणाले, "लांडगा देखाले बी पैसा लागतस?"

त्यांच्या या बोलण्यात हसण्यासारखे आहे तसेच विचार करण्यासारखेही आहे. महाराष्ट्रातील माळावर लांडग्याचे पोट बव्हंशी शेळ्यामेंढ्यांवर आणि मेलेल्या जनावरांवर भरते, असे अभ्यासकांनाही आढळले आहे. हरीण कमी झाले तसे हे वाढले. म्हणजे पाहुण्यांना जो लांडगा दिसतो, त्याला पोसणारा मेंढपाळ बहुधा चित्रात नसतो. वनखात्याकडून मारल्या गेलेल्या मेंढराची भरपाई मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला माणसे पोहोचेपर्यंत वाडा दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. आजोबांनी जन्मात एकदाही अर्ज केला नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे देशात सुमारे ३,१०० लांडगे आहेत. त्याच वर्षीच्या गणनेत वाघ सरासरी ३,६८२ भरले. लांडगा वाघाहून दुर्मिळ आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. शिवाय आता मोकाट कुत्र्यांचे संकट आहे. त्यांच्यापासून रोग पसरतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकरही आढळला आहे.

खोकड, कोल्हा, तरस, ससा हे इतर रहिवासी. त्यांपैकी खोकड तेवढे बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेले दिसले. झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते, ही त्याची खूण. तरस रात्रीचा, त्यामुळे त्याच्या पावलांच्या ठशांवर समाधान मानावे लागले.

पक्ष्यांची गंमत अशी की ते समोर असूनही दिसत नाहीत. धाविक नावाचा तांबूस पक्षी चार पावले धावतो, थांबतो, आणि थांबताच मातीत मिसळून जातो. पखुर्ड्या सकाळी थव्याने पाण्यावर येतात. त्यांचा नर पोटाची पिसे भिजवून कोरड्या माळावरील पिलांसाठी पाणी घेऊन जातो. माळटिटवी व चंडोल तर जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी असूनही रात्री झाडावर न बसता गवतातच एकत्र मुक्काम करतात. यांतील कोणालाही झाड नको आहे! कोणाला आखूड, चरलेले गवत हवे, कोणाला गुडघाभर. म्हणून माळावर चराई अजिबात नको हे जसे खरे नाही, तसे कितीही चालेल हेही खरे नाही.

आणि आपण या जमिनीला काय म्हणतो? पडीक. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे अधिकृतपणे प्रसिद्ध होतात, त्यांतही अशी पुष्कळ माळराने मोडतात. पडीक म्हटले की तेथे काही तरी करावेसे वाटते: कोणी खड्डे खणून झाडे लावतो, कोणी कारखाना काढतो. मागे असलेली कल्पना अशी की येथे पूर्वी अरण्य होते, माणसांनी व गुरांनी ते उजाड केले. या कल्पनेला एक उत्तर आपल्या मराठी साहित्यातूनच मिळाले आहे, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना सांगताना मला विशेष आनंद होतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनची मराठी चरित्रे, कथा, लोकगीते चाळून त्यांत कोणत्या ठिकाणी कोणती झाडेझुडपे आली आहेत ते नोंदविले. २०२५ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या त्या भागात किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही गवत आणि विरळ काटेरी झाडेच होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. जुन्या पोथ्यांचा असाही उपयोग होतो!

माळढोकाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजसाठी १९७९ साली जाहीर झालेले अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात शेते आली, गावे आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि ज्याच्यासाठी हे केले त्या पक्ष्यावरच लोकांचा रोष झाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी तोवर घटत गेला होता. आज देशात दीडशेच्या आत माळढोक उरले आहेत आणि ते बहुतेक सारे राजस्थानात आहेत. कडबनवाडीच्या सफारीत तो कोणी दाखवू शकणार नाही.

दाखविता येईल असा एक लहानसा जीव मात्र उन्हाळ्यातच भेटतो. गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवून दगडावर ऐटीत उभा राहणारा सरडा आपण पाहिला असेल. २०१६ साली शास्त्रज्ञांनी यातील काही जातींसाठी नवे कुल मानले आणि त्याचे शास्त्रीय नाव आपल्याच शब्दावरून 'सरडा' असे ठेवले. तो पाहायचा तर एप्रिल-मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, उन्हे चढल्यावर जावे. गाडीची गरज नाही. डोक्याला उपरणे आणि थोडा दम एवढे पुरे.