चौसष्टचा आकडा आणि तुटलेली नोज

भट्टीवर हार्डनिंग करून आणलेलं टॉवेलच्या मागाचं पिकिंग नोज, म्हणजे धोटा फेकायला ठोका देणारा भाग, बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी तुटलं. धोटा मध्येच अडकला आणि ताण्याचे धागे सटासट तुटले. भवानी पेठेत ज्यांचे माग आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. सहापैकी चार नोज आठवड्यात गेली.

भट्टीवाला म्हणाला, "मालक, मागाचं सेटिंग बघा. माल चौसष्टचा दिलाय." कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर ठेवून दाखवलं, खरंच ६४. कानसही वरून घसरली. मी गप्प परतलो, आणि तोच राग अजून जात नाही.

रात्री तुकडे रॉकेलनं धुऊन दिव्याखाली धरले. तुटलेला भाग अर्धा करडा, चमकदार. बोल्टच्या खाचेच्या कोपऱ्याकडचा अर्धा काळा, तेल मुरलेला. तेल मागाचं असेल म्हणून न बसवलेलं एक नोज ऐरणीवर फोडलं. तिथंही तोच काळा डाग! म्हणजे तडा भट्टीवरच, तेलात बुडवताना गेला होता. माझ्या मागानं फक्त शेवटचा ठोका दिला.

दुसऱ्या दिवशी तुकडे भट्टीवाल्यासमोर टाकले, तर उत्तर काय? "टेम्परिंगचं तुम्ही कुठं बोलला होता?"

नोज ईएन ३१ पोलादाची, त्यात साधारण १ टक्का कार्बन. लालभडक पोलाद तेलात गेलं की तो कार्बन आत कोंडला जातो, मार्टेन्साइट नावाची कडक रचना बनते, पोलाद फुगतं आणि खाचेच्या कोपऱ्यावर ताण येतो. कडक होतं, पण काचेसारखं. लगेच १५०-२०० अंशांवर तास-दोन तास शेकलं, म्हणजेच टेम्परिंग केलं, तर कडकपणा थोडा उतरतो आणि ठोका सोसायची ताकद येते. गावचा लोहार विळ्याला पाणी पाजून पुन्हा निखाऱ्यावर धरतो, तो उगाच नव्हे. भट्टीवाल्यानं तेवढी वीज वाचवली.

तेव्हा चलनावर नुसतं 'हार्डनिंग' लिहू नका. पोलादाचा ग्रेड, 'रॉकवेल ५८ ते ६०' आणि 'त्याच दिवशी टेम्परिंग' असं लिहा. खाचेचे कोपरे आधीच गोल करून द्या. एक नग जादा टाका आणि तो फोडून बघा. खरं तर ठोका खाणारा भाग आरपार कडक करूच नये. कमी कार्बनचं पोलाद घेऊन केस हार्डनिंग करा, वरून कडक, आतून चिवट. पक्कं बिल घ्या. ओळखीवर जाऊ नका.

नुकसानीचे पैसे भट्टीवाल्यानं दिले नाहीतच. भेटला की अजून विचारतो, "मालक, सेटिंग झालं का?"