कॅमेऱ्याचे भिंग : मार्का घ्यावा की माल?



धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाने कॅमेऱ्याच्या भिंगावर लेख लिहावा, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या अनेक घरांतील तरुण मुले आज पेढीवर न बसता छायाचित्रणाच्या धंद्यात शिरत आहेत, आणि भांडवलाची थैली मात्र वडीलधाऱ्यांच्याच हाती आहे. ज्या वस्तूसाठी पैसे मोजावयाचे, तिची थोडीबहुत पारख मोजणाऱ्यास असावी, यास्तव हा लेख.

माझा पुतण्या लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. प्रारंभी त्याने एका दुकानातून जुने, त्रयस्थ उत्पादकाचे भिंग स्वस्तात घेतले. जुन्या कॅमेऱ्यावर ते उत्तम चाले. पुढे त्याच कॅमेरा कंपनीचा नवा कॅमेरा घेऊन तो आमच्या नात्यातील एका लग्नास गेला. अंतरपाट दूर झाला आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेऱ्याने चुकीची सूचना दाखवून काम थांबविले. दुसरे भिंग बसवीपर्यंत तो क्षण निघून गेला. वधूच्या आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चार महिन्यांनी त्या निवर्तल्या. अक्षता टाकतानाचे त्यांचे चित्र त्या घरात नाही, याची खंत पुतण्यास आजही आहे.

त्यानंतर तो नव्या भिंगासाठी रक्कम मागावयास आला, तेव्हा म्हणाला, “काका, आता कंपनीचेच भिंग घेईन, पैसे दुप्पट-तिप्पट पडले तरी चालतील.” मी म्हटले, “थांब. एक पोते किडके निघाले म्हणून सारा बाजार सोडू नये. दोष कशात होता, ते आधी मला समजावून सांग.” त्या चौकशीतून जे उमगले, ते येथे मांडतो.

भिंग ज्या कड्याने कॅमेऱ्यास जोडले जाते, त्यास माउंट म्हणतात. त्या कड्यावर धातूचे बारीक स्पर्शबिंदू असतात. त्यांतून कॅमेरा व भिंग एकमेकांशी विद्युत्संकेतांनी बोलतात : केंद्र कोठे साधावे, छिद्र किती उघडावे, इत्यादी. कॅमेरा कंपनी ही भाषा स्वतः रचते आणि बहुधा इतरांस शिकवीत नाही. त्रयस्थ उत्पादकाने ती निरीक्षणाने शिकावयाची. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. बाहेरून पाहून त्या खुणा शिकलेला मनुष्य, खूण बदलताच गोंधळतो. नव्या कॅमेऱ्यापुढे आमच्या जुन्या भिंगाची गत तीच झाली. काच निर्दोष होती. भाषा अपुरी पडली.

तेव्हा पहिला बोध हा, की घरचे भिंग घेताना आपण केवळ काच घेत नाही. उद्याच्या कॅमेऱ्याशीही ते बोलेल, या भरवशाचे मोल देतो. काचेच्या गुणाचा हिशेब निराळा आहे.

काचेपुरते बोलावयाचे, तर त्रयस्थ म्हणजे हलका माल, ही समजूत टिकत नाही. टॅमरॉनच्या कारखान्याचा आरंभ १९५० चा. सिग्मा ही कंपनी मिचिहिरो यामाकी यांनी १९६१ मध्ये स्थापिली. दोन्ही जपानी पेढ्या पिढ्यान् पिढ्या भिंगेच घडवीत आल्या आहेत. सिग्माने २०१३ मध्ये १८ ते ३५ मिलिमीटरचे, सर्वत्र एफ १.८ इतके छिद्र ठेवणारे झूम भिंग काढले. तसे त्यापूर्वी कोणत्याही कॅमेरा कंपनीने काढलेले नव्हते. घरच्या मार्क्याचा अभिमानही फार जुना मानू नये. १९३६ च्या सुमारास कॅननचा पहिला कॅमेरा विक्रीस आला, तेव्हा त्यावरील भिंग निप्पॉन कोगाकूचे, म्हणजे आजच्या निकॉनचे होते.

भावातील अंतर पाहा. सोनी कॅमेऱ्यासाठी टॅमरॉनचे २८ ते ७५ मिलिमीटरचे एफ २.८ भिंग २०१८ मध्ये आले. अमेरिकेत त्याचा प्रारंभीचा भाव सुमारे ८०० डॉलर होता. सोनीचे स्वतःचे २४ ते ७० मिलिमीटरचे उच्च श्रेणीचे भिंग २०१६ मध्ये सुमारे २,२०० डॉलरला आले होते. वजन अनुक्रमे ५५० व ८८६ ग्रॅम. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यास हा फरक मोठा. मात्र २८ च्या जागी २४ मिलिमीटर असले, की अरुंद मांडवात दोन माणसे अधिक मावतात, हेही तराजूत टाकले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत सर्व कंपन्यांचे धोरण एक नाही. सोनीने २०११ मध्ये आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांस विनाशुल्क खुली केली. तरीही तिच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांवर त्रयस्थ भिंगे सेकंदास १५ चित्रांवर अडतात, घरची काही भिंगे त्याहून पुष्कळ पुढे जातात. लायका, पॅनासोनिक व सिग्मा यांनी २०१८ मध्ये एकच एल माउंट वापरण्याचा करार केला. कॅननने मात्र आपल्या आरएफ माउंटचे दार बरेच दिवस बंद ठेविले. २०२२ मध्ये पेटंटचा दाखला देऊन तिने व्हिल्ट्रॉक्स या चिनी उत्पादकास अशी ऑटोफोकस भिंगे विकणे थांबवावयास लाविले. २०२४ मध्ये सिग्मा व टॅमरॉन यांना परवाना मिळाला, तोही प्रथम लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांपुरता. म्हणून भिंगाच्या आधी कॅमेऱ्याचे घराणे पाहावे.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. आपलाच कॅमेरा दुकानात न्यावा. छिद्र लहान-मोठे करून प्रत्येक वेळी चित्र घ्यावे.

२. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट लावून, छिद्र पूर्ण उघडून चित्र घ्यावे. चारही कोपरे सारखे स्पष्ट हवेत. एकच कोपरा पुसट असेल, तर काचा तिरप्या बसल्या आहेत, असे समजावे. पोत्याचे तोंड पाहून धान्य घेत नाहीत, तसे चित्राचा मध्य पाहून भिंग घेऊ नये.

३. मंद उजेडात चालत्या माणसावर केंद्र साधून पाहावे.

४. भिंगातील संगणकीय आज्ञा पुढे अद्ययावत करण्याची सोय आहे काय, हे विचारावे. सिग्माने यासाठी २०१३ मध्ये स्वतंत्र साधनच आणले. आज पुष्कळ भिंगांत हे काम कॅमेऱ्यातून किंवा थेट तारेने होते.

५. भारतातील अधिकृत हमीचे पक्के बिल घ्यावे. बिनबिलाच्या मालात वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात.

सारांश, ज्यास खेळांची वा पक्ष्यांची अतिवेगाने चित्रे घ्यावयाची आहेत, किंवा जो दर दोन वर्षांनी कॅमेरा बदलतो, त्याने घरचे भिंग घ्यावे. लग्नकार्ये व व्यक्तिचित्रे हे ज्याचे काम, त्याने त्रयस्थ भिंग पारखून घेण्यास हरकत नाही.

पुतण्याने अखेर त्रयस्थ भिंगच घेतले, परंतु नवे, बिलासह, आणि आपल्याच कॅमेऱ्यावर दोन तास पारखून. वाचलेल्या रकमेत थोडी भर घालून मी त्यास दुसरा कॅमेरा घेऊन दिला. आता मांडवात त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा असतो. एक अडला, तरी अंतरपाट दुसऱ्यात सापडतो.