हिवाळ्यातला वारा आणि लांबचा सायकल प्रवास

डिसेंबर लागला की वस्त्यांमधून सायकली निघतात. कुणी ६ डिसेंबरसाठी दादरला चैत्यभूमीकडे, कुणी १ जानेवारीसाठी भीमा कोरेगावकडे. शंभर-दीडशे किलोमीटरचा पल्ला पोरं जिद्दीवर काढतात. जिद्द हवीच. पण वाटेत जो मुलगा थकून रस्त्याच्या कडेला बसतो, तो बहुतेक वेळा अंतरामुळे बसत नाही. त्याची ताकद, अंगातली ऊब आणि अंगातलं पाणी वाऱ्याने नेलेलं असतं, आणि ते कधी नेलं हे त्याला कळलेलंच नसतं. उन्हाळ्यात घाम दिसतो, घसा कोरडा पडतो, शरीर ओरडून सांगतं. हिवाळ्यात ते गप्प राहतं. म्हणून घरात कुणी सायकलने लांब जाणार असेल, तर हे पान त्याला वाचून दाखवा.

आधी वाऱ्याचा हिशोब. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने चाललात, तर हवा शांत असली तरी अंगावर ताशी २० किलोमीटरचा वारा लागतो. समोरून तेवढाच वारा सुटला की तो ४० होतो. पण वारा दुप्पट झाला म्हणून त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तोच वेग टिकवायचा तर वाऱ्यापुरती मेहनतही चौपट. पोरं इथेच फसतात. मगाशी २०ने चाललो होतो, आता १२वर आलो, म्हणजे मी ढिला पडलो असं समजून ती जोर लावतात आणि तासाभरात मांड्या दगड होतात.

जाताना समोरून लागलेला वारा येताना पाठीमागून मिळेल, हिशोब बरोबर होईल, असंही म्हणतात. तो होत नाही. समजा, ३६ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं आहे. शांत हवेत ताशी १८ने चार तास लागतात. वाऱ्यामुळे जाताना १२चा वेग पडला आणि येताना २४चा, तर जायला तीन तास आणि यायला दीड, म्हणजे साडेचार तास. अर्धा तास वाऱ्याने खाल्ला, तो परत मिळत नाही.

यावर उपाय एकच. वेगाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. दोन शब्दांवर दम लागत असेल तर हळू करा, मग वेग १० झाला तरी चालेल. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर घ्या, पाय भरभर फिरू द्या. जड गिअरवर वाऱ्याशी झुंजलं की गुडघ्याची वाटी दुखायला लागते. साध्या सायकलवाल्याने चढावर आणि जोराच्या वाऱ्यात खुशाल उतरून चालावं. सीटही तपासा. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. वस्तीतल्या निम्म्या सायकलींची सीट खाली असते, कारण घरातली तीन माणसं ती वापरतात. रोजच्या कामाला ते चालून जातं, शंभर किलोमीटरला चालत नाही.

नाशिकहून दादरचा रस्ता घ्या, सुमारे १७० किलोमीटरचा. हिवाळ्यात आपल्याकडे जमिनीवरचा वारा साधारण उत्तर-ईशान्येकडून येतो. नाशिकहून नैऋत्येला निघालेल्याला तो बहुधा पाठीमागून किंवा बाजूने मिळतो. पहाट शांत असते आणि जमीन तापली की वारा वाढतो. कसारा घाट उतरून कोकणपट्टीत आलात की चित्र पालटतं. मुंबई-ठाण्याकडे दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, आणि तो पश्चिमेकडून, म्हणजे तुमच्या तोंडावर. दोन दिवस थकलेल्या पायांना शेवटचे ४० किलोमीटर जड जातात ते यामुळे. पहिल्या दिवशी शहापूरच्या आसपास मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालात, तर हा वारा जोर धरण्याआधी बरंच अंतर कापलेलं असतं. अंधारात मात्र सायकल चालवू नका. ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

बाजूचा वारा वेगळाच धोका. ट्रक शेजारून जाताना क्षणभर वारा अडतो आणि ट्रक पुढे गेला की एकदम धक्का बसतो. पुलावर आणि डोंगराच्या खिंडीत असंच होतं. हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा आणि डांबराच्या अगदी कडेवरून चालवू नका, खाली घसरायला जागा राहत नाही. आणि झेंडा. सायकलला उंच काठीवर मोठा निळा झेंडा बांधला की बाजूच्या वाऱ्यात तो शिडासारखा काम करतो, सायकल ट्रककडे ओढतो. मोठा झेंडा आणि बॅनर सोबतच्या टेम्पोवर लावा, सायकलला हातभर काठीचा लहान झेंडा पुरे.

गटाने जाण्याचा मोठा फायदा वाऱ्यातच आहे. पुढच्या सायकलच्या मागे राहणाऱ्याला वारा कमी लागतो, जवळ चालवलं तर चौथ्या हिश्श्याएवढी मेहनत सहज वाचते. म्हणून पाच-पाच मिनिटांनी पुढचा बदलायचा. साध्या ब्रेकच्या सायकलींनी मध्ये एक सायकल मावेल एवढं अंतर ठेवावं, चाकाला चाक भिडवू नये. आमच्याकडे तगडी पोरं पुढे पळतात आणि सगळ्यात अशक्त मुलगा शेवटी एकटा वारा खात राहतो. उलटं करा. कमी ताकदीच्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या नंबरवर ठेवा, आणि शेवटी अनुभवी माणूस राहू द्या.

आता ऊब. हवा १० अंश असेल आणि घाट उतरताना वेग ताशी ४०पर्यंत गेला, तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते. चढावर घामाने भिजलेला बनियन अंगात असेल तर थंडी आणखी जाते आत. उतार लागण्याआधी थांबा, ओला बनियन काढून कोरडा घाला. एक जादा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यायला काही खर्च नाही. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तर वारा अडतो. युरोपातले शर्यतीचे सायकलपटू डोंगरमाथ्यावर हेच करत आले, आणि आपल्याकडे पहाटे पेपर टाकणाऱ्या पोरांजवळ तर हा माल हाताशीच असतो. गुडघे आणि कान झाका. मफलर आणि ओढणीची टोकं आत खोचा, चाकात अडकली तर गळ्याला फास बसतो. हातमोजे नसतील तर पायमोजे हातात चढवा, पण ब्रेक नीट दाबता येतो का ते आधी पाहा.

दात वाजायला लागले, बोटांनी ब्रेक धरवेना, मुलगा अडखळत बोलायला लागला, तर तिथेच थांबवा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, पांघरूण घाला, गरम गोड चहा द्या. दारू अजिबात नको. दारूने कातडीला ऊब वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते आणि शरीर अधिकच गार पडतं.

थंडीत तहान लागत नाही, तरी श्वासावाटे पाणी जातच असतं, आणि घाम वाऱ्याने दिसण्याआधीच सुकतो. दर पंधरा मिनिटांनी चार घोट, तासाला साधारण अर्धा लिटर. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. खाणं भूक लागण्याआधी, दर तासाला थोडं: केळं, गूळ-शेंगदाणे, गूळ लावलेली पोळी. बंद पाकिटातल्या महागड्या पावडरींची गरज नाही.

यापुढचं जरा थांबून वाचा, विशेषतः ज्यांचं मूळ विदर्भातलं आहे त्यांनी.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या अनुसूचित जाती-जमातींमध्ये मोठ्या प्रमाणात आढळतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडून पोटासाठी मुंबई, पुणे, नाशिकच्या वस्त्यांत आलेल्या कुटुंबांनी हा आजारही सोबत आणला आहे, आणि अनेकांची तपासणी झालेली नाही. या आजारात प्राणवायू कमी पडला की गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखायला लागतं. हा झटका कशाने येतो? थंडीने, पाणी कमी पडल्याने, अति श्रमाने. हिवाळ्यात वाऱ्यातून लांब सायकल चालवली की ही तिन्ही कारणं एकाच दिवशी जुळून येतात.

आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला असेल तो रुग्ण, अहवालात एसएस. त्याने हा प्रवास सायकलने करू नये. टेम्पोत बसावं, स्वेटर घालावा, गोळ्या चुकवू नयेत. त्यात कमीपणा कसला? एकाकडूनच आला असेल तो वाहक, एएस. तो एरवी निरोगी असतो, सायकल चालवू शकतो, पण त्याने दम लागेपर्यंत जोर लावू नये, पाणी कधीच चुकवू नये आणि सोबत्यांना आधी सांगून ठेवावं. रक्ताची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. निघण्याच्या महिनाभर आधी करून घ्या. नावनोंदणी करताना आयोजकांनी वर्गणीसोबत हेही विचारावं, पण चारचौघांत नाही, बाजूला घेऊन.

दम्याच्या माणसाला गार कोरडी हवा झोंबते. नाकावर रुमाल बांधा, डॉक्टरांनी सांगितलेला पंप निघण्याआधी घ्या आणि तो आतल्या खिशात ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट नाजूक आहे. साखर उतरल्यावर अंग थरथरतं आणि सोबती त्याला थंडी समजतात. अशा वेळी शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या, चादर नंतर. चाळिशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या माणसाने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नये, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखला, तर पुढचं गाव येईपर्यंत थांबू नका, १०८ला फोन लावा.

सराव दीड महिना आधी सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस, १५-२० किलोमीटरपासून थोडं थोडं वाढवत. सरावाला निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकून परतताना तो पाठीशी असेल. मुक्कामाला पोचल्यावर फोटो काढण्याआधी ओले कपडे बदला, पाणी प्या आणि थोडं खा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणारच. पण लघवी काळ्या चहासारखी झाली असेल तर दुखणं साधं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि किती किलोमीटर सायकल चालवली ते डॉक्टरांना सांगा. रक्ताचा अहवाल असेल तर तोही दाखवा.