अंगणवाडी आणि पालक : विश्वासाचे नाते

लहान मुलाचे संगोपन प्रथम घरातच होते. परंतु घराला समाजाची साथ मिळाली नाही, तर ते अनेकदा अपुरे राहते. ही साथ देण्यासाठी गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. खोली, आहार, खेळणी व नोंदवह्या यांची सोय झाली, तरी आईचा विश्वास बसला नाही तर मूल अंगणवाडीत येत नाही, आणि आले तरी टिकत नाही. म्हणून पालकांशी जडणारे नाते हा बालसंगोपनाच्या कार्याचा पाया मानला पाहिजे.

मुलांच्या दारी गेलेली शाळा

या विचाराचा उगम महाराष्ट्रातच सापडतो. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांपासून शिक्षणाची साधने तयार झाली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिका स्वतःच त्या वस्तीत गेल्या. घरापुढील अंगणात मुले जमवून त्यांची स्वच्छता, गाणी, गोष्टी व खेळ सुरू झाले. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ या प्रयोगात आहे.

१९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात पुढे चालले. तेथे मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे, त्यामुळे तिची शाळा बुडत असे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पालकांना अनास्थेचा दोष देण्याऐवजी त्यांची अडचण शोधावी व तीनुसार संस्थेची रचना बदलावी, हा या प्रयोगांचा धडा होय.

योजना व घर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला. मेळघाटातील धारणी हा त्यांपैकी एक. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा योजनेत अंतर्भूत आहेत. यातील ‘पूरक’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. अंगणवाडीतील काही तास वगळता मूल घरीच असते. त्याचे उरलेले जेवण, झोप, आजारपणातील शुश्रूषा आणि बोलणे-खेळणे हे सारे घरच्या माणसांच्याच हाती असते.

पालकांशी बोलताना

मुलाचे वजन वाढले नाही, असा प्रसंग घ्या. चार बायकांसमोर “तुम्ही मुलाकडे लक्ष देत नाही” असे सेविका म्हणाली, तर ती आई पुढच्या वजनाच्या दिवशी येणार नाही, आणि ज्या मुलाला मदतीची सर्वाधिक गरज आहे तेच नजरेआड होईल. त्याऐवजी तिला बाजूला बसवून विचारावे : या महिन्यात ताप किंवा जुलाब झाले होते काय? आपण कामावर गेल्यावर बाळाला कोण भरवते? दिवसातून किती वेळा खाते? उत्तरांतून कारण समजते आणि उपायही सुचतो.

सल्ला घरात शक्य असेल असाच द्यावा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दुधासोबत मऊ व घट्टसर अन्न. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळा. वरणभातात थोडे तेल वा तूप घातल्यास लहान पोटालाही पुरेशी शक्ती मिळते. जुलाबात अंगावरचे दूध थांबवू नये, जलसंजीवनी द्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास मात्र विलंब न लावता आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि शक्यतो आईसोबत कोणीतरी जावे.

घरची भाषा हेही मुलाचे धन आहे. कोरकू, गोंडी वा भिल्ली बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी त्याच्याच बोलीतील शब्द ऐकू आले, तर त्याची भीती मोडते. आजीला गोष्ट सांगण्यासाठी, वडिलांना खेळणे तयार करून देण्यासाठी बोलवावे. ज्यांच्याकडून आपण काही घेतो, त्यांना संस्था आपली वाटू लागते.

ग्रामपंचायत, शिक्षक व अधिकारी

पालक सभा दुपारी ठेवल्यास मजुरीला जाणारे आईवडील येऊ शकत नाहीत. ती सायंकाळी व वस्तीतच घ्यावी. पाणी, शौचालय व सुरक्षित जागा यांची व्यवस्था ग्रामपंचायतीने पाहावी आणि ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय नियमाने घ्यावा. ऊसतोडीसाठी कुटुंबे गाव सोडतात तेव्हा लहान मुलांची यादी करून वजन व लसीकरणाची नोंद पालकांच्या हाती द्यावी, म्हणजे कारखान्याच्या परिसरात सेवा मिळविणे सुकर होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे पहिलीच्या शिक्षकांनी मूल शाळेत येण्यापूर्वीच सेविकेशी व पालकांशी परिचय करून घेणे इष्ट ठरते. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवही पाहावीच. परंतु वस्तीतील दोन मातांनाही भेटावे. मूल अंगणवाडीत का येते, किंवा का येत नाही, हे त्या नोंदवहीपेक्षा अधिक नेमके सांगू शकतील. त्यांचे उत्तर ऐकून कामात बदल करण्याचे अधिकार व सवड सेविकेला देणे, हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.