मुक्ता, ती कार्डं परत घाल

कोल्हापूर

चि. मुक्ता हिस,


काल शिरोलीच्या फाउंड्रीत तुमच्या गाड्या भरणारा माणूस भेटला. म्हणाला, "तुमच्या भाचीनं हाउसिंगच्या पार्टची कानबान कार्डं तिसाची पंधरा केली, चाकणची लाइन बंद पडली आणि ट्रॉलीवाल्या पोरानं कार्ड हरवलं म्हणून त्याच्यावर ठपका आला." लोक तिखटमीठ लावून सांगतात हे मला कळतं. पण रात्री ताईला फोन केला, तर ती म्हणाली तू तीन-तीन दिवस घरी जेवत नाहीस. मग मला राहवेना.

मुक्ता, ती कार्डं काढायची घाई कोणी लावली तुला? साहेबांना महिनाअखेरीस स्टॉकचा आकडा खाली दाखवायचा होता, हे मी न सांगताही ओळखतो. पण कार्डं किती ठेवायची हे हिशोबानं ठरतं. रोजचा खप ६०० नग, कार्ड सुटल्यापासून माल यायला दोन दिवस, म्हणजे १२०० नग. त्यावर पाव हिस्सा आधाराला धरला की १५००. बिनमध्ये ५० बसतात आणि दर बिनला एक कार्ड, म्हणून ३० कार्डं. पंधरा कार्डांत ७५० नगच फिरतात. ते सव्वा दिवस पुरतात, आणि गाडीला लागतात दोन दिवस. मधल्या वेळात लाइनवरच्या माणसानं काय जोडायचं?

आता त्या पोराचं. बिनमधला पहिला नग उचलला की कार्ड पेटीत पडतं, पोरगा पेट्या फिरून ती गोळा करतो, तेवढ्याच रिकाम्या बिन गाडीवर चढतात. समजा, एक कार्ड खरंच कुठे पडलं. तरी पन्नास नगच कमी आले असते. तीस कार्डं असती, तर तो खड्डा आधारातूनच भरून निघाला असता. पंधरांत लाइन कार्ड न हरवताही थांबणार होती. हे गणित तुला मांडता येतं, तुझ्या साहेबांनाही येतं. मग रिपोर्टवर त्या पोराचं नाव कसं गेलं? खाली तुझी सही आहे का?

कार्डं कमी करायची नाहीत असं मी म्हणत नाही. ती कमी व्हावीत हेच तर या पद्धतीत अपेक्षित आहे. पण एक काढायचं, काय अडतं ते पाहायचं, अडचण दूर करायची आणि मगच दुसरं. तायची ओनो यांनी टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये हे सुरू केलं, ते कंपनीभर रुजायला १९६२ उजाडलं. दहाएक वर्षं लागली त्या माणसाला. तू एका महिन्यात करायला निघालीस.

आणि आमच्या बाजूलाही बघ. इथे आधी वाळूचे कोअर होतात, मोल्ड बांधला जातो, मेटल ओतलं जातं, ते थंड होतं, फेटलिंग होतं, मग मशीनिंग. त्यात रिजेक्शन आलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे खंबाटकीचा बोगदा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, तेव्हा भरलेल्या गाड्या जागेवर उभ्या होत्या. पावसाळ्यात आमच्याकडच्या मालाला कार्डं जास्त लागतात. हे तुला कुठलं सॉफ्टवेअर सांगणार नाही, गाडी भरणारा माणूस सांगेल. त्याला फोन कर. तो तुझ्यावर रागावलेला नाही, उलट काळजीनंच बोलत होता.

कमी स्टॉकवर चालणाऱ्या टोयोटाचंच बघ. १९९७च्या १ फेब्रुवारीला जपानात कारियाला आयसिनचा कारखाना जळाला. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळा तिथूनच जायचा. शिल्लक काहीच नसल्यासारखी, त्यामुळे टोयोटाच्या लाइन थांबल्या. पण कितीतरी पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढून दिला आणि काही दिवसांतच गाड्या पुन्हा बनू लागल्या. असं कोणी कोणासाठी एका दिवसात उभं राहत नाही गं. कमी स्टॉकवर चालायचं, तर आधी माणसं धरून ठेवावी लागतात. तू ट्रॉलीच्या पोरापासूनच सोडायला लागलीस तर कसं?

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे कार्ड नव्हतं, काही नव्हतं. वर प्लॅन ठरायचा आणि माल ढकलायचा. नको त्याचे ढीग रॅकच्या वरपर्यंत, आणि हवा तोच नग नाही. मग महिनाअखेरीला आम्ही टेम्पो घेऊन वर्कशॉप-वर्कशॉप हिंडायचो. तुझ्या आईच्या हळदीला मी नव्हतो, तुला ठाऊक आहे. तिच्या फोटोंत मी कुठेच नाही. त्या रात्री मी एका डिस्पॅचसाठी बुशिंग शोधत होतो. ती कधी बोलली नाही, पण मला अजून लागतं. पुढे कार्डं आली तेव्हा मला सगळ्यात आवडलं ते हे, की माणूस वेळेवर घरी जाऊ लागला. म्हणून तू कार्डं सांभाळतेस आणि तरी रात्र कंपनीत काढतेस, हे ऐकून पोटात कालवलं.

रागावून लिहिलं, मनात धरू नकोस. तू हुशार आहेस, हिशोबाला लहानपणापासून पक्की. बाबांच्या दुकानातली वही तू आठवीत असताना तपासायचीस आणि चूक काढून त्यांच्या हातात द्यायचीस. तेव्हा तुला कोणाची भीती वाटत नव्हती. साहेबांची आता वाटते, यात लाज नाही. नवीन नोकरी, घराचा हप्ता, सगळं दिसतं मला. पण उद्या त्या पोराचं नाव रिपोर्टवरून काढायला सांग. तोंडी नको, लिहून. कार्डं परत घाल. साहेब चिडले, तर हा हिशोब समोर ठेव, आणि तरीही चिडले, तर मला फोन कर, कितीही वाजू देत.

रविवारी ये. मामीला सांगितलंय, ती तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या तयारीला लागली आहे. जमलं तर गेल्या तीन महिन्यांचा खप आणि गाड्यांच्या वेळा लिहून आण, आपण बसून एकेका पार्टची कार्डं काढू. नाही आणलंस तरी चालेल. आधी पोटभर झोप काढ, मग बघू.

तुझा,
मामा